डॉक्टर कधी येणार?

“सिस्टर, डॉक्टर कधी येणार?”

पहिल्या दिवशी हा प्रश्न मला किती जणांनी विचारला ते मी मोजलं नाही, पण दुपारपर्यंत मलाही वाटायला लागलं होतं, खरंच, कधी येणार? गळ्यात स्टेथोस्कोप होता, अंगात पांढरा कोट होता, बसायला डॉक्टरांचीच खुर्ची होती. टेबलावरची पाटी मात्र माझ्या आधीच्या डॉक्टरांच्या नावाची होती आणि ते पुरुष होते. बाकावर बसलेल्या एका आजींना मी शेवटी सांगितलं, “आजी, मीच डॉक्टर.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं (त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाहिलं) आणि लहान मुलीची समजूत काढावी तशा म्हणाल्या, “हां, हां. पन मोठा डाक्तर कव्हय येई?”

आजींना काय कल्पना, की मोठी डॉक्टर कधी होणार या एका काळजीपायीच मी तिथे येऊन बसले होते.

एमबीबीएस झालं की माणूस डॉक्टर होतो, हा समज आता पदवीदान समारंभापुरता उरला आहे. पूर्वी गावात एमबीबीएसची पाटी लागली की लोक तिच्याखालून जाताना आवाज खाली आणायचे म्हणे. आता लग्नाचं स्थळ घेऊन आलेली माणसंही बायोडेटा उलटा करून बघतात आणि विचारतात, “हो, पण पीजी कशात?” साडेचार वर्षं शिकायचं, बारा महिने इंटर्न म्हणून रक्ताच्या नळ्या वॉर्डातून लॅबमध्ये आणि लॅबच्या शिव्या वॉर्डात पोहोचवायच्या, आणि मग कळतं, की ही तर बालवाडी होती. पुढे नीट-पीजी. २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकीच्याला एक कापून घेतात. ५ मार्च २०२३ ला मी ती दिली. क्रमांक असा आला, की ज्या शाखेला मी चालत होते ती मला नको होती आणि जी मला हवी होती तिला मी नको होते. आमच्या घरी तेव्हा स्थळंही बघत होते, त्यामुळे ही परिस्थिती सगळ्यांना पटकन समजली.

राहिला बॉण्ड. आमच्या वेळी सरकारी कॉलेजात शिकलं की वर्षभर सरकारी सेवा द्यायची, नाही तर दहा लाख भरायचे. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दहा लाख वाचतात. वर पगार मिळतो. “आणि शिवाय अनुभव!” हे त्यांनी मेथीच्या जुडीवर भाजीवाली चार काड्या कोथिंबीर टाकते तसं वरून टाकलं. माझा हिशेब वेगळाच होता. खेड्यातली ओपीडी दुपारी बारापर्यंत आटपणार, मग दिवसभर शांतता, झाडाखाली खुर्ची, मांडीवर पुस्तक. वर्षभरात तीन उजळण्या. नाशिकहून निघताना माझ्या बॅगेत कपडे होते तीन जोड आणि पुस्तकं सतरा किलो. एसटीच्या कंडक्टरनं ती उचलून बघितली आणि विचारलं, “धान्य का?”

बागलाण तालुक्याचं ठिकाण सटाणा. नदीचं नाव आरम. ‘आरम’ ऐकून मला काना राहिला असावा असं वाटलं आणि मी मनातल्या मनात तो घातलाही. माझं आरोग्य केंद्र मात्र तिथून पश्चिमेला, ताहाराबादच्याही पुढे, साल्हेरच्या अंगाला. क्वार्टरचं छत पावसाळ्यात मोकळ्या मनाचं व्हायचं, म्हणून मी आठवड्यातल्या ड्युटीच्या रात्री तिथे आणि बाकीच्या सटाण्यात एका काकूंकडे वरच्या खोलीत काढायचे. सकाळी विंचूर-प्रकाशा रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे आमची काळी-पिवळी. उघडीप असेल तेव्हा समोर साल्हेर. कळसूबाईनंतरचा महाराष्ट्रातला सगळ्यात उंच माथा, १५६७ मीटर. ड्रायव्हर आप्पा रोज नव्यानं सांगायचे, “या किल्ल्यापायी मोगलांना मैदानात हरवलं बरं, सोळाशे बाहत्तरला.” पहिल्या महिन्यात मी माना डोलवल्या. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या शेजारी बसून फोनवर प्रश्न सोडवायला लागले. तिसऱ्या महिन्यात आप्पाच प्रश्न विचारायला लागले. “काय ब्वॉ, आज किती चुकले?”

शांत दुपारची गोष्ट राहिलीच. ती दुपार मला वर्षभरात भेटली असेल चार-पाच वेळा, आणि त्यातल्या दोनदा लसीकरणाचे अहवाल भरायचे होते.

पण पुस्तक उघडता न येण्याचं खरं कारण गर्दी नव्हती, भाषा होती. मी नाशिकची, मराठी शाळेतली, मला वाटायचं मला मराठी येतं. पहिल्याच आठवड्यात एक बाबा समोर बसले आणि म्हणाले, “बठ्ठं आंग दुखस.” मी विचारलं, बसल्यावर दुखतं का? ते म्हणाले, नाही, उभं राहिलं तरी. मी केसपेपरवर लिहिलं, वेदनेचा बसण्याशी संबंध नाही. सिस्टरांनी मागून वाकून बघितलं आणि हसू पदरात दाबलं. बठ्ठं म्हणजे सगळं. सगळं अंग दुखतंय.

सिस्टर त्या केंद्रात वीसहून जास्त वर्षं होत्या. त्यांनी मला अहिराणी शिकवायला घेतली ती थेट रोगनिदानाच्या अंगानं. ‘जीव घाबरस’ असं साठीच्या पुरुषानं हात छातीवर ठेवून म्हटलं, तर बोलणं थांबवून आधी ईसीजी. तेच तिशीच्या बाईनं सासूच्या देखत म्हटलं, तर सासूला बाहेर चहाला पाठवायचं आणि मग बोलायचं. ‘डोळास्ना म्होरे अंधारी’ म्हटलं, की आधी पापणी खाली ओढून बघायची, रक्त किती उरलंय ते तिथेच दिसतं. आणि कुणी काहीच सांगितलं नाही, नुसतं “बघा ना ताई” म्हणून हात पुढे केला, तर त्यांना बीपी मोजून हवं असतं, बाकी काही नाही. ही शेवटची ओळ वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथात नाही. पण मी ती शंभर वेळा पडताळून पाहिली आहे.

परीक्षेतला रुग्ण किती शिस्तीचा असतो! एका परिच्छेदात वय, तक्रार, कधीपासून, सोबत काय, तपासण्यांचे आकडे, सगळं सांगून गप्प बसतो आणि चार पर्याय पुढे ठेवतो. आमच्याकडे रुग्ण मुळात एकटा येत नाही. त्याच्या वतीनं त्याची बायको बोलते, बायकोला दुरुस्त करायला भाऊ असतो, आणि मुख्य तक्रार सगळे दाराशी पोहोचल्यावर, चप्पल घालताना निघते. “आनि हां बाई, कालदिन लघवीतून रगत गयं, पन ते असू द्या.” असू द्या! मी अर्ध्यातून कितीतरी माणसं परत बोलावली. चप्पल घालताना काय बोलतात ते ऐकायचं, हे मी तेव्हापासून करते. आणि पुस्तकांचंही एक बघा. विदेशी पुस्तकातला सिकलसेलचा रुग्ण ठरून गेल्यासारखा आफ्रिकी वंशाचा असतो. इथे तो भिल्लवस्तीतली नववीतली मुलगी म्हणून आला, गुडघे धरून, मास्तरांच्या ‘अभ्यास टाळते’ या शेऱ्यासकट. मला ओळखायला दोन भेटी लागल्या. सिस्टरांना पहिल्याच भेटीत शंका आली होती. पण मी इतक्या आत्मविश्वासानं ‘वाढत्या वयाचं दुखणं’ म्हटलं होतं, की त्या संकोचल्या. हे मला त्यांनी नंतर सांगितलं, तेही फार जपून.

सलाईनबद्दल बोललंच पाहिजे. बागलाणात (आणि बागलाणाबाहेरही, उगाच एका तालुक्याला का धरा) सलाईन हा उपचार नसून मानपान आहे. सलाईन लागलं की पाहुणे भेटायला येतात, नारळपाणी येतं, ज्या मुलानं महिनाभर फोन केला नाही तो पुण्याहून येतो. गोळ्यांनी हे काही होत नाही. “बाई, ताकदची बाटली लावा,” म्हणणाऱ्यांना मी सुरुवातीला व्याख्यान द्यायचे. पाच टक्के डेक्स्ट्रोजची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. “मावशी, तुमच्या दोन कप चहात एवढी ताकद असते.” मला वाटलं होतं, हे ऐकून लोक शहाणे होतील. एका मावशींनी ते नीट ऐकून घेतलं, डोळे विस्फारले आणि शेजारणीला म्हणाल्या, “ऐकलं का वं? दोन कप चहा एकदम नसमां!” त्या दिवसापासून मी व्याख्यान बंद केलं.

सप्टेंबरात दिल्लीहून बातमी आली, की २०२३ च्या पीजी प्रवेशासाठी पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइल. म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र, उणे गुणांवालासुद्धा. जागा रिकाम्या राहत होत्या म्हणून. सटाण्यात ही बातमी माझ्या आधी काकूंना कळली. त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, “अगं, तुझा नंबर लागला! शून्यवाल्यांनाबी घेताहेत!” मी सांगितलं, मला शून्यापेक्षा बरेच जास्त आहेत. “मग तर लागलाच.” आता त्यांना पात्रता आणि जागा यातला फरक कसा सांगायचा? मी म्हटलं, काकू, वऱ्हाडात सगळ्यांना घेतलं म्हणून सगळे नवरदेव होत नाहीत. त्यावर त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, “पण जेवायला तर मिळतं ना.” खरं आहे. त्यांनी विचारलं, तुला काय व्हायचंय? मी म्हटलं, मेडिसिन हवंय, पण मैत्रिणी म्हणतात रेडिओ घे (आमच्यात रेडिओलॉजीला रेडिओच म्हणतात). “रेडिओ?” काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. “आता कोण ऐकतं बाई रेडिओ? दुरुस्तीवाल्यानं कधीच दुकान बंद केलं.”

त्याच सुमाराची, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटाची ती रात्र. पाऊस थांबून थांबून पडत होता. मी क्वार्टरवर होते आणि रक्त गोठण्याचा धडा वाचत होते. खोटं वाटेल, पण तोच धडा. साडेनऊला पिकअप आली. कांद्याच्या रोपाला पाणी भरायला गेलेला माणूस, चाळिशीचा, पायाला चावलं होतं. सोबत सातजण आणि एका पिशवीत साप. साप आणू नका म्हणून भिंतीवर पोस्टर होतं, ते त्या सातजणांच्या मागेच लावलेलं होतं. शिपाई मामांनी पिशवी लांबून बघितली आणि म्हणाले, “घोणस.” मग जरा थांबून, “मेलेली असावी.”

पाय सुजत होता. माझ्या डोक्यात त्या घडीला काय चाललं होतं? विषाचे प्रकार, विकरांची नावं, गोठण्याच्या साखळीतले रोमन आकडे, सगळी पानं एकदम उलटत होती आणि एकही थांबत नव्हतं. करायचं होतं ते फार साधं. दोन मिलि रक्त काढायचं, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून बघायचं. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलंय. यंत्र नको, वीज नको. मी स्टँडमधली नळी उचलली. सिस्टरांनी हळूच माझ्या हातातून ती काढून घेतली.

“ही नको मॅडम. ही साबणानं धुतलेली आहे.”

मी बघत राहिले.

“साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. उगाच फसाल.” कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्यांनी कापसात गुंडाळलेली कोरी नळी काढली. अशा चार-पाच त्यांनी स्वतः बाजूला ठेवल्या होत्या, पावसाळ्याच्या आधीच.

ती वीस मिनिटं. पुस्तकात ती अर्ध्या ओळीत संपतात. सातजण माझ्याकडे बघत होते आणि मी नळीकडे. त्यांच्या दृष्टीनं डॉक्टरीण काही करत नव्हती, घड्याळ लावून बसली होती. एकानं विचारलंही, “ताई, डॉक्टरांना फोन केला का?” मामांनी परस्पर उत्तर दिलं, “केला, केला.” दहाव्या मिनिटाला नळी जरा हलवून बघावी असा अनावर मोह झाला, सिस्टरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. रुग्ण स्वतः सगळ्यात शांत होता. त्याची काळजी वेगळीच, मोटार चालू राहिलीय, वाफ्यात पाणी तुंबेल. सातातल्या दोघांना त्यानं मोटार बंद करायला पाठवलं. ते गेले नाहीत.

वीस मिनिटांनी नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं भिंतीवरून वाहिलं.

मग मात्र हातांना काम होतं. घोड्याच्या रक्तातून काढलेलं ते औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच. दहा कुप्या. लहान पोराला चावला तरी तेवढ्याच, कारण साप वय विचारून विष सोडत नाही. भुकटी पाण्यात विरघळवायची, जोरात हलवायची नाही, फेस होतो. शेजारी अॅड्रेनलिन भरून ठेवायचं, औषधच अंगावर उलटलं तर. सिस्टर, मी आणि मामा, तिघं दहा कुप्या तळहातांत धरून घुसळत होतो, ताक करतात तशा. थेंब सुरू झाले. १०८ ला फोन झाला. पहाटे तो मालेगावला गेला तेव्हा त्याच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं होतं. जाताना त्यानं मला हात जोडले आणि सिस्टरांना म्हणाला, “मोटार.”

चार दिवसांनी सराव परीक्षेत प्रश्न आला. घोणसीच्या विषातला घटक गोठण्याच्या साखळीतल्या कितव्या घटकाला थेट चेतवतो? दहाव्याला. मी नऊ लिहिलं. चारही गेले, वर एक कापला. आप्पांनी संध्याकाळी नेहमीप्रमाणे विचारलं, काय ब्वॉ, आज? मी म्हटलं, घोणस चावली.

केंद्रावर दर महिन्याला तालुक्याहून एक ज्येष्ठ डॉक्टर यायचे. त्यांना हे सांगितलं तर ते इतके हसले, की चहा बशीत सांडला. मग त्यांनी हिंमतराव बावस्करांची गोष्ट काढली. ती त्यांच्याकडे दर नव्या बॉण्डवाल्यासाठी राखून ठेवलेली होती, हे मला सिस्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं. १९७६ साली हा तरुण एमबीबीएस रायगडातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. तिथे लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, पोरं, फुफ्फुसात पाणी होऊन मरत होती, आणि नक्की का मरतात ते कुणी नीट बघितलेलं नव्हतं. हा बघत बसला. म्हणजे अक्षरशः खाटेशेजारी बसून, घाम कधी फुटतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कधी पळते, ते टिपत. १९८२ मध्ये ते लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्तातलं औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं, तेही १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलं, आणि मरणाऱ्यांचा आकडा कुठल्या कुठे खाली आला. एमडी त्यांनी मध्ये केलं आणि परत महाडलाच गेले. २०२२ मध्ये पद्मश्री.

“तर,” ज्येष्ठ डॉक्टर बशीतला चहा पिऊन म्हणाले, “तुझं काय चाललंय?”

मी आठवडाभर भारावलेली होते. एक दोनशेपानी वही आणली, वर ‘निरीक्षणे’ असं लिहिलं. पहिल्या पानावर विंचू चावलेल्या एका मुलाची नोंद आहे, दर अर्ध्या तासानं नाडी, घाम, हातपाय. साडेतीनपर्यंत. मग ‘मुलगा झोपला’ असं आहे. त्याखाली ‘मीही’ असं सिस्टरांच्या अक्षरात आहे. पुढची पानं कोरी आहेत. तिसऱ्या पानावर फक्त काकूंनी सांगितलेली खापरावरच्या मांड्यांची कृती आहे, तीही अर्धी.

मार्गशीर्षातल्या वद्य एकादशीला सटाण्यात देव मामलेदारांची यात्रा भरते. त्या वर्षी ती जानेवारी उजाडल्यावर आली. यशवंत महादेव भोसेकर हे इथले मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात लोक उपाशी मरायला लागले तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून वाटून टाकला. जगात ज्या मोजक्या सरकारी अधिकाऱ्यांची देवळं झाली असतील त्यातले हे एक. गोष्ट अशी, की वर तक्रार गेली, साहेब तपासणीला आला, तर तिजोरीत पै न पै जागेवर. काकू मला दर्शनाला घेऊन गेल्या ते नवस बोलायला. “मेडिसिन मिळू दे, असं म्हण. रेडिओ नको.” मी हात जोडले खरे, पण डोक्यात आमचे फार्मासिस्ट अण्णा होते. सर्पदंशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साठा नोंदवही माझ्यापुढे ठेवली होती. दहा कुप्या एका रात्रीत? सही करा. रिकाम्या कुप्या दाखवा. एक फुटलेली दिसते, तिची वेगळी नोंद. सुई, कापूस, आयव्ही सेट, एकेक. अण्णा माणूस वाईट नव्हते, त्यांच्यावर ऑडिट येत होतं, आणि कागदावर जे नाही ते जगात नाही अशी त्यांची श्रद्धा होती. मी देवापुढे उभी राहून मेडिसिन मागायच्या ऐवजी हेच म्हटलं, महाराज, तुमची तिजोरी आपोआप भरली, आमच्या अण्णांचं रजिस्टर तेवढं बघा.

बाहेर पाळण्यांशी गर्दी होती. कुणीतरी मागून हाक मारली, “ओ सिस्टर!” वळून बघितलं तर घोणसवाला. पायावर एक काळपट डाग, बाकी ठणठणीत. सोबत बायको, दोन पोरं, आणि सातातले चार. त्यानं बायकोला सांगितलं, “हाई सिस्टरबाईनी वाचाडं माले.” काकूंनी ताठ होऊन दुरुस्ती केली, डॉक्टर आहेत त्या, मोठी परीक्षा देताहेत. तो ओशाळला. मी म्हटलं, राहू द्या हो, वाचवलं सिस्टरांनीच. हे मी विनयानं म्हणतेय असं सगळ्यांना वाटलं. बायकोनं पिशवीतून चार डाळिंबं काढून माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, मोटारीचं काय झालं? म्हणाला, जळाली.

परीक्षेचं मग थोडक्यात सांगते, कारण तिनंही मला थोडक्यातच फिरवलं. ३ मार्च २०२४ ला होणार होती, ती ७ जुलैला गेली, तिथून मागे येऊन २३ जूनला ठरली. काकू म्हणाल्या, “ही परीक्षा आहे की मुहूर्त?” मी दोन दिवसांची रजा टाकून परीक्षेच्या गावी जाऊन लॉजवर उतरले. २२ च्या रात्री, पेन्सिलींना टोक करावं तसं मेंदूला टोक करत बसले असताना, फोन वाजायला लागले. उद्याची परीक्षा पुढे ढकलली. देशभरातले दोन लाखांवर डॉक्टर त्या रात्री आपापल्या लॉजमध्ये छताकडे बघत पडले असतील. पुढे ११ ऑगस्ट ठरली. मी सोमवारी ओपीडीत हजर. पहिल्या दिवशीच्या त्या आजी बीपीच्या गोळ्यांना आल्या होत्या. एव्हाना त्या मला ‘बाई’ म्हणायला लागल्या होत्या. “पास व्हयनी का बाई?” म्हटलं, परीक्षाच झाली नाही. आजींनी हात पुढे केला, मी पट्टा बांधला, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “मंग दोन दिन कोठे व्हतीस?”

त्यांचा वरचा आकडा १७० निघाला. दोन दिवस गोळ्या संपल्या होत्या आणि त्या माझी वाट बघत घरीच थांबल्या होत्या. दुसरे डॉक्टर होते की ड्युटीवर, मी रागावून म्हटलं. “व्हते. पन त्या मोठा डाक्तर शेत. आम्हनं बोलनं त्यास्ले समजत नई.”

जुलैत बॉण्ड संपला. बॉण्ड संपवायला वर्ष लागतं आणि संपल्याचा कागद मिळवायला एक वर्ष असतं तर बरं, असं वाटतं. अनुभव प्रमाणपत्राचा ठरलेला मसुदा असतो. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, इतके दिवस, पैकी रजा इतके. त्यात माझा अनुभव दिवसांत बसला, ‘वर्तणूक समाधानकारक’ याही रकान्यात बसला. गोल शिक्का कपाटात होता आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते भाच्याच्या लग्नाला. तोवर ना-देय दाखला घ्या, असं ठरलं. म्हणजे अण्णांच्या टेबलापुढे उभं राहायचं.

अण्णांनी चष्मा लावून रजिस्टर उघडलं. स्टेथोस्कोप स्वतःचा. बीपीचं यंत्र जमा. टॉर्च जमा, सेल नाहीत, चालेल. क्वार्टरची किल्ली जमा. बोट खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं.

“टेस्ट ट्यूब, काच. एक कमी आहे.”

मी सिस्टरांकडे बघितलं नाही. सिस्टर लसीच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या लावत होत्या, फार मन लावून. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून कापसाचं टोक दिसत होतं. सतरा किलो पुस्तकांच्या वर, वेगळं, फुटू नये म्हणून. अण्णांची नजर तिथे गेली, जरा वेळ तिथेच राहिली, आणि परत रजिस्टरवर आली. त्यांनी पेन झटकलं.

‘एक नग फुटला,’ असं लिहून त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि ओल्या शाईवर फुंकर मारत विचारलं,

“चहा घेणार ना, डॉक्टर?”